क्रिएटिनिन 2.6 आणि कोरोना पॉझिटिव्ह: गोळ्या, पाणी आणि पहिले पाच दिवस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचे वय 62, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही जुने, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने गाळून टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ) गेले वर्षभर 2.4 ते 2.6 च्या आसपास स्थिर, डायलिसिस चालू नाही. काल ताप आणि घसादुखी सुरू झाली म्हणून चाचणी केली, ती पॉझिटिव्ह आली. ऑक्सिजन 96 आहे. एका नातेवाइकाने रक्तदाबाची गोळी टेल्मिसार्टन ताबडतोब बंद करायला सांगितले, दुसऱ्याने भरपूर पाणी पाजायला सांगितले, आणि शेवटच्या ओळीत तुम्ही विचारले आहे की आता बाबांना डायलिसिस लागेल का.

मी बरीच वर्षे मूत्रपिंडविकारांवर उपचार करतो आणि साथीच्या पहिल्या लाटेपासून असे रुग्ण पाहत आलो आहे. वडिलांना मी तपासलेले नाही, त्यामुळे पुढचे लिखाण त्यांच्या डॉक्टरांशी बोलण्याची तयारी म्हणून वाचावे. माझ्या मते तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. मूत्रपिंड अशक्त असल्यामुळे कोरोना अधिक गंभीर होईल का, ही पहिली. आणि कोरोनामुळे मूत्रपिंड आणखी बिघडेल का, ही दुसरी. पहिलीचे उत्तर बरेचसे वय, लसीकरण, मधुमेह आणि ईजीएफआर (मूत्रपिंड मिनिटाला किती मिलिलिटर रक्त गाळते याचा अंदाज) यांवर ठरते, आणि आज रात्री त्यात फारसा बदल करता येणार नाही. दुसरीत मात्र विषाणूइतकाच वाटा घरात घेतलेल्या निर्णयांचा असतो, आणि ते निर्णय पहिल्या चार-पाच दिवसांतच होतात.

आधी धोका किती, ते सांगतो. 62 वर्षांच्या पुरुषाचे क्रिएटिनिन 2.6 असेल तर ईजीएफआर साधारण 27 येतो, म्हणजे आजार पाचपैकी चौथ्या टप्प्यात आहे. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, कारण पुढे औषधांच्या मात्रा ठरवताना त्याचाच उपयोग होणार आहे. 2020 साली इंग्लंडमध्ये सुमारे 1 कोटी 70 लाख लोकांच्या वैद्यकीय नोंदी एकत्र तपासल्या गेल्या. वय, मधुमेह वगैरे गोष्टी हिशेबात धरूनही, ज्यांचा ईजीएफआर 30 च्या खाली होता त्यांच्यात कोरोनाने मृत्यू होण्याचा धोका मूत्रपिंड चांगले असलेल्यांच्या सुमारे अडीचपट आढळला. 30 ते 60 च्या दरम्यान असलेल्यांत तो सुमारे एक-तृतीयांशाने अधिक होता. हे आकडे लस येण्यापूर्वीचे आणि मूळ विषाणूचे आहेत. लसीकरण, आधी होऊन गेलेले संसर्ग आणि 2021 च्या अखेरीस आलेला ओमिक्रॉन यांमुळे प्रत्यक्ष धोका पुष्कळ उतरला आहे, मात्र उतरंड तीच राहिली आहे: मूत्रपिंड जितके अशक्त तितकी काळजी अधिक, आणि प्रत्यारोपण झालेले व डायलिसिसवरचे रुग्ण सर्वांत वर. वडिलांनी लशीची शेवटची मात्रा कधी घेतली हे तुम्ही लिहिलेले नाही. माझ्या दृष्टीने ते ऑक्सिजनच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे.

आता टेल्मिसार्टन. या सल्ल्याला एक इतिहास आहे. कोरोनाचा विषाणू पेशीत शिरताना एसीई-2 नावाच्या प्रथिनाला चिकटतो, आणि टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल या गटांतील औषधांनी शरीरात हे प्रथिन वाढत असावे, अशी शंका 2020 च्या सुरुवातीला घेतली गेली. शंका तर्काला धरून होती, म्हणूनच ती वेगाने पसरली. पुढे ब्राझीलमध्ये रुग्णालयात दाखल झालेल्या 659 रुग्णांवर थेट चाचणी झाली. निम्म्यांच्या या गोळ्या महिनाभर थांबवल्या, निम्म्यांच्या चालू ठेवल्या, आणि जानेवारी 2021 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला की थांबवल्याने काहीही फायदा होत नाही. त्यामुळे केवळ चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून टेल्मिसार्टन थांबवायचे कारण नाही. लघवीतून प्रथिने जात असतील तर हीच गोळी त्यांच्या मूत्रपिंडाचे रक्षण करीत आहे, आणि ती अचानक थांबल्यावर चढलेला रक्तदाब तापापेक्षा महागात पडू शकतो.

याला एक अपवाद आहे आणि तो नीट समजून घ्या. उलट्या किंवा जुलाब सुरू झाले, खाणेपिणे जवळजवळ थांबले, उभे राहिल्यावर चक्कर येऊ लागली किंवा वरचा रक्तदाब नेहमीपेक्षा बराच खाली, म्हणजे 100 च्या आसपास आला, तर हीच गोळी तात्पुरती थांबवावी लागते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचेही तेच. मधुमेहाची डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन गोळी चालू असेल तर जेवण घटताच ती थांबवावी, कारण उपाशीपोटी तिच्यामुळे रक्तात आम्ल साठू शकते आणि साखर फारशी वाढलेली नसल्यामुळे ते लक्षातही येत नाही. मधुमेहाचीच मेटफॉर्मिन तर ईजीएफआर 27 असताना मुळात चालू असायलाच नको. असेल तर कोरोनाच्या निमित्ताने ती चूक दुरुस्त होईल. माणूस पुन्हा नीट खाऊ-पिऊ लागला की 24 ते 48 तासांनी बाकीच्या गोळ्या पूर्ववत करायच्या असतात, आणि नेमके हेच राहून जाते. थांबवलेली गोळी कोणत्या तारखेला पुन्हा सुरू करायची, हे डॉक्टरांना त्याच फोनवर विचारून घ्या. इन्सुलिन आणि स्टिरॉइड मात्र स्वतःच्या मनाने कधीही थांबवू नयेत.

पाण्याचा सल्ला त्याहून फसवा आहे, कारण तो निरुपद्रवी वाटतो. ज्याचे मूत्रपिंड चांगले आहे तो चार लिटर प्यायला तर चार लिटर बाहेर टाकेल. ईजीएफआर 27 असलेल्या माणसाच्या बाबतीत दोन्ही बाजूंना दरी आहे: कमी पडले तर क्रिएटिनिन चढते, जास्त झाले तर पायावर सूज येते आणि पाणी फुप्फुसात साठते, मग धाप लागते आणि ती कोरोनाची समजली जाते. मी घरच्यांना वजनकाटा काढायला सांगतो. रोज सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्यापूर्वी, तेवढ्याच कपड्यांत वजन करून लिहा. एका दिवसात किलोभर फरक पडला तर तो मांस-चरबीचा नसतो, तो साधारण लिटरभर पाण्याचा असतो. वजन खाली जात असेल, तोंड कोरडे असेल आणि लघवी गडद व कमी होत असेल तर पाणी वाढवा. वजन वर जात असेल आणि घोट्याजवळ बोट दाबल्यावर खळगा राहत असेल तर आवरा. ताप नसताना जेवढे पाणी सांगितलेले होते, त्यात ताप आणि घाम धरून थोडी भर, एवढाच माझा सर्वसाधारण हिशेब असतो. अशक्तपणा जावा म्हणून फळांचे रस पाजले जातात, त्यांत पोटॅशियम भरपूर असते. वडिलांचे पोटॅशियम आधीच वरच्या काठावर असेल तर रसांच्या वाटेला जाऊ नका.

यात एक गोष्ट मी मुद्दाम विस्ताराने सांगतो, कारण मूत्रपिंडाचे जे नुकसान मी पाहिले त्यातले पुष्कळ असेच झाले. साठीच्या आतल्या एका रुग्णाला सहाव्या दिवशी माझ्याकडे आणले. ऑक्सिजन 97, छाती स्वच्छ, ताप उतरलेला. मुलीने एक वही जपून आणली होती; त्यात दर तीन तासांनी ताप आणि ऑक्सिजन सुंदर अक्षरात लिहिलेला होता. लघवी किती झाली याचा रकाना त्या वहीत नव्हता. विचारल्यावर आठवले की कालपासून बहुधा एकदाच. अंगदुखीसाठी कोणीतरी सुचवलेली डायक्लोफेनॅकची गोळी दिवसातून दोनदा चालू होती, दोन दिवस जुलाब झाले होते, आणि रक्तदाबाची व लघवी वाढवणारी गोळी नेमाने दिली जात होती, कारण रोजची औषधे चुकवायची नाहीत हे घरात पक्के ठरलेले होते. 2.1 असलेले क्रिएटिनिन 5.8 झाले होते. विषाणूने त्यांना जवळपास सोडून दिले होते.

तिथे घडले ते असे. मूत्रपिंडातील गाळणीला एक रक्तवाहिनी आत येते आणि एक बाहेर जाते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी वेदनाशामके आत येणारी वाहिनी आवळतात. टेल्मिसार्टन बाहेर जाणारी वाहिनी सैल करते. एरवी ते हिताचे असते, कारण गाळणीवरचा दाब कमी राहतो. लघवीची गोळी आणि जुलाब मिळून शरीरातले पाणीच घटवतात. तिन्ही एकत्र आले की गाळणीतला दाब इतका पडतो की गाळणे थांबते. त्या गृहस्थांना गोळ्या थांबवून सलाइन दिले, दोन आठवड्यांत क्रिएटिनिन 2.4 वर आले, डायलिसिस लागले नाही. सगळेच इतके नशीबवान नसतात. म्हणून ताप आणि अंगदुखीला फक्त पॅरासिटामॉल, तेही दिवसात 3 ग्रॅमच्या आत, आणि पाण्यात फसफसून विरघळणाऱ्या प्रकारातले नको. त्या एका गोळीत 400 मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असू शकते. जीवनसत्त्व सीच्या मोठ्या मात्राही टाळा. जादा सीचे शरीरात ऑक्झलेट होते आणि त्याचे स्फटिक अशक्त मूत्रपिंडात साचतात.

यानंतरचा विषय विषाणूविरोधी औषधांचा, आणि तो घड्याळाशी बांधलेला आहे. निर्मात्रेल्विर आणि रिटोनाविर यांची जोडगोळी, म्हणजे पॅक्सलोविड, लक्षणे सुरू झाल्यापासून 5 दिवसांच्या आत सुरू करावी लागते. तुमच्या वडिलांसारख्या रुग्णाला असे औषध देण्याचा विचार गांभीर्याने व्हायला हवा, परंतु नेहमीची मात्रा त्यांच्यासाठी नाही. ईजीएफआर 30 ते 60 असेल तर निर्मात्रेल्विर 300 ऐवजी 150 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. 30 च्या खाली हे औषध सुरुवातीची काही वर्षे देऊ नये असेच लिहिलेले असे. 2025 मध्ये अमेरिकेतील औषध नियामकाने पहिल्या दिवशी 300 आणि पुढचे चार दिवस 150, दोन्ही दिवसातून एकदाच, अशी मात्रा मान्य केली. सोबतचे रिटोनाविर प्रत्येक वेळी 100 मिलिग्रॅमच राहते. खरी डोकेदुखी या रिटोनाविरची आहे. ते यकृतातील औषधे मोडणारी यंत्रणा अडवते, त्यामुळे अॅम्लोडिपिनचा परिणाम वाढून रक्तदाब पडू शकतो, अॅटोर्वास्टॅटिनसारख्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या बहुधा थांबवाव्या लागतात, आणि रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्यांनी रक्तस्राव होऊ शकतो. वडिलांच्या सगळ्या गोळ्यांची यादी न पाहता हे औषध लिहून देणाऱ्यापासून सावध राहा.

दुसरा पर्याय रेमडेसिविरचा. शिरेतून तीन दिवस, लक्षणांच्या पहिल्या 7 दिवसांत. पूर्वी ईजीएफआर 30 च्या खाली ते टाळत असत, कारण औषध विरघळवणारा त्यातला घटक मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो आणि तो साठेल अशी भीती होती. अनुभवाअंती ती बरीचशी अनाठायी ठरली आणि जुलै 2023 मध्ये अमेरिकेत डायलिसिसच्या रुग्णांसह सर्वांना नेहमीच्याच मात्रेत ते देण्यास मान्यता मिळाली. जुनी माहितीपत्रके वाचून अजूनही काही ठिकाणी नकार मिळतो, म्हणून हे लिहिले. मोल्नुपिराविरला मात्रेचा किंवा इतर औषधांशी होणाऱ्या भांडणाचा प्रश्न नाही, मात्र त्याचा परिणाम या दोघांपेक्षा कमजोर आहे. बाकीचे काहीच शक्य नसेल तेव्हा मी त्याकडे वळतो. यातले काय निवडायचे हे काय उपलब्ध आहे, शेवटची लस कधी झाली आणि घरापासून दवाखान्यापर्यंत तीन दिवस जा-ये जमेल का, यांवर ठरते.

डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड आत्ता नको, आणि कोणी सुचवले तरी नको. 2020 मध्ये त्याने प्राण वाचतात हे सिद्ध झाले ते ऑक्सिजन लावावा लागलेल्या रुग्णांत. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना त्याचा लाभ दिसला नाही, उलट अपाय होत असावा असे आकडे सांगत होते. मधुमेही माणसाची साखर मात्र ते दोन दिवसांत 400 वर नेऊ शकते.

ऑक्सिजन दिवसातून तीन-चार वेळा पाहणे पुरे. बोट गरम असावे, नखाला रंग नसावा, आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबावे. 94 किंवा त्याखाली दोनदा आला, खोलीतल्या खोलीत चालल्यावर तो तीन-चार अंकांनी घसरला, आडवे झाल्यावर धाप लागू लागली, लघवी निम्म्यावर आली किंवा वागण्या-बोलण्यात गोंधळ दिसला, तर सकाळची वाट पाहू नये. रक्ततपासणी केलीत तर क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि सोडियम यांना प्राधान्य द्या. डी-डायमर (रक्ताच्या गुठळ्यांची खूण) आणि ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाल्याची खूण) हे मूत्रपिंडाच्या जुन्या रुग्णांत कोरोना नसतानाही वाढलेले असतात; नुसता लाल ठशात छापलेला डी-डायमर पाहून घाबरलेल्या कित्येक कुटुंबांना मला शांत करावे लागले आहे. रक्त पातळ करणारे इंजेक्शन द्यायची वेळ आलीच, तर एनॉक्सापॅरिन ईजीएफआर 30 च्या खाली शरीरात साठते, हे उपचार करणाऱ्यांना माहीत असते, तरीही आठवण करून देण्यात कमीपणा नाही.

तुमच्या वडिलांना लागू नाही, पण हाच प्रश्न डायलिसिसवरच्या माणसाच्या घरातूनही नेहमी येतो, म्हणून थोडे त्याबद्दल. पॉझिटिव्ह आल्यावर पहिला फोन डायलिसिस केंद्राला करावा. ते वेगळी पाळी किंवा वेगळी खोली ठरवतात. घरी बसून पाळी चुकवणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे, कारण दोन पाळ्यांमधले अंतर वाढले की पोटॅशियम चढून हृदय थांबू शकते, आणि ते ऑक्सिजनच्या यंत्रावर दिसत नाही. ऑक्सिजन फिस्टुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेली धमनी व शीर) नसलेल्या हाताच्या बोटावर मोजावा. फिस्टुलाच्या हातातले रक्त वाटेतच वळते, बोटे गार राहतात आणि आकडा खोटा खाली येऊ शकतो. मानेतून कॅथेटर (डायलिसिसची नळी) टाकलेल्या रुग्णाला डायलिसिस चालू असताना हुडहुडी भरून ताप आला, तर कोरोना पॉझिटिव्ह असूनही रक्ताचे कल्चर (रक्तात जंतू आहेत का याची तपासणी) पाठवावे. एका बाईंचा असा ताप दोन पाळ्या कोरोनाच्या खात्यावर टाकला गेला आणि तिसऱ्या पाळीला रक्तात जंतू निघाले; त्या वाचल्या, पण कॅथेटर काढावा लागला आणि सहा आठवडे प्रतिजैविके चालली.

प्रत्यारोपण झालेल्यांनी तर घरी काहीच ठरवू नये. मायकोफेनोलेट किंवा अॅझाथायोप्रिन (नवे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून देतात ती औषधे) बहुधा काही दिवस कमी करतात किंवा थांबवतात, स्टिरॉइड चालू ठेवतात, आणि त्याच कामाच्या टॅक्रोलिमसचे काय करायचे ते आजाराच्या तीव्रतेवर ठरते. टॅक्रोलिमस चालू असताना रिटोनाविर दिले तर त्याची रक्तातली पातळी काही दिवसांत विषारी होऊ शकते. त्यामुळे या रुग्णांत मी शक्यतो रेमडेसिविरच निवडतो. शिवाय यांच्या शरीरात विषाणू आठवडेच्या आठवडे टिकू शकतो, तेव्हा पाच दिवसांनी विलगीकरण संपले असे त्यांनी धरू नये.

राहिला डायलिसिसचा प्रश्न. घरीच बरे होणाऱ्या, उलट्या-जुलाब न झालेल्या रुग्णाचे क्रिएटिनिन बहुतेक वेळा थोडे वर जाऊन परत मूळ जागी येते. ज्यांना दाखल व्हावे लागते, रक्तदाब पडतो किंवा कृत्रिम श्वासोच्छ्वास लागतो, त्यांच्यात डायलिसिसची शक्यता खरी असते. त्यांतही काहींचे ते काही आठवड्यांनी सुटते, काहींचे सुटत नाही, आणि ईजीएफआर आधीच 27 असेल तर राखीव शक्ती कमी असल्यामुळे न सुटण्याचा धोका अधिक असतो. आजच्या घडीला तुमचे वडील पहिल्या गटात आहेत.

बरे झाल्यावर एक ते दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासा, आणि तीन महिन्यांनी पुन्हा. क्रिएटिनिन आधीपेक्षा कमी आले तर लगेच आनंद मानू नका, विशेषतः आजार लांबला असेल आणि मांड्या-दंड बारीक झाले असतील तर. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. स्नायू झिजले की मूत्रपिंड तेवढेच अशक्त असूनही आकडा खाली येतो. अशा वेळी मी सिस्टॅटिन-सी (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी, स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली रक्ततपासणी) तपासून घेतो, किंवा वजन आणि ताकद पूर्ववत होईपर्यंत दोनेक महिने थांबून मगच नवा ईजीएफआर पक्का धरतो. काल लक्षणे सुरू झाली असे तुम्ही म्हणता, म्हणजे औषधाच्या पाच दिवसांतला दुसरा दिवस आज चालू आहे. डॉक्टरांना आजच फोन करा, आणि बोलताना आधी ईजीएफआर 27 सांगा, मग ताप.